डिलिसबाईंचं शेवटचं वाक्य

इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या ग्रिम्सबीच्या थिएटरात नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगाआधी कुणी मोठ्यानं म्हणत नाही. तालमीत तिथवर यायचं आणि थांबायचं. का, ते कुणी धड सांगत नाही. माझी आई इथंच नटनट्यांचे कपडे सांभाळायची. ती म्हणायची, पुरी झालेली गोष्ट रिकाम्या खुर्च्यांना दाखवू नये, दृष्ट लागते. तिच्यानंतर तेच काम माझ्याकडे आलं आणि तीच समजूतही. नवी पोरं या नेमाला हसतात, पण हसता हसता पाळतात. हसणं आणि पाळणं एकाच वेळी कसं जमतं, हे मला अजून उमगलेलं नाही.

डिलिस प्रॉसर मात्र हसत नसत. त्यांचा जन्म वेल्समधल्या पत्र्याच्या कारखान्याच्या गावचा. चॅपेलमधल्या पठणाच्या स्पर्धेत त्यांनी पहिलं बक्षीस मिळवलं आणि त्या बक्षिसाच्या जोरावर घरातून निघाल्या. आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा दर आठवड्याला नवं नाटक लागायचं. सकाळी पुढच्या आठवड्याच्या नाटकाची तालीम, संध्याकाळी या आठवड्याचा प्रयोग, आणि त्याच्याही पुढच्याचं पाठांतर अंघोळीच्या टबात. आई सांगायची, ती पोरगी टबातून खून करते आणि टबातूनच लग्न लावते, खालच्या मजल्यावरची म्हातारी पोलिसांना बोलवायला निघाली होती.

पुढे त्या लंडनला गेल्या. राण्या झाल्या, विधवा झाल्या, मोठ्या पेपरांत नाव आलं. आणि मग टीव्ही आला. ‘सॉल्टर्स लेन’ मालिकेतली मासळीवाली ब्रेंडा म्हणून त्या वीसेक वर्षं घराघरांत बसल्या. ब्रेंडानं नवरे बदलले, दुकान जाळलं, शेवटी एका नाताळात मालिकावाल्यांनी तिला बंदरात बुडवलं. लोकांनी धक्क्यावर फुलांचा ढीग घातला. आमच्या चर्चमध्ये मिसेस टपलिननं फादर किन्सेलांना ब्रेंडाच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा म्हणायला सांगितलं. फादर हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. “समुद्रात बुडालेल्या सगळ्यांसाठी म्हणू,” एवढंच म्हणाले. मीही गुडघे टेकले. कुणासाठी टेकले, ते माझं मलाच नीट कळलं नाही.

ब्रेंडा मेली आणि डिलिसबाई आमच्याकडे परत आल्या. सत्तरी उलटली होती. नाटक नवं कोरं होतं. लिहिलेलं आणि बसवलेलं कॅलम ॲश्बीनं. कॅलम म्हणजे काटकुळा, हुशार, आणि झोप न झालेला. नाटकात दोनच माणसं. डिलिसबाई मासेमारीच्या ट्रॉलरवर जाणाऱ्या एका खलाशाची विधवा. आणि रोरी नावाचा उंच नट तिचा मुलगा, जो तरुणपणी घर सोडून गेला आणि आता परत आलाय. म्हातारी सबंध नाटकभर त्याला ओळख देत नाही. गॅसवाला समजते, पोस्टमन समजते. शेवटी तो पिशवी उचलून दारात उभा राहतो आणि विचारतो, “मी परत येऊ का?” तेव्हा ती म्हणते, “येताना दूध घेऊन ये.” तो जातो, दार लागतं, दाराच्या आवाजावर दिवे जातात. संपलं.

हे वाक्य संहितेत छापलेलं होतं, सगळ्यांनी डोळ्यांनी वाचलेलं होतं. पण तालमीत रोरीनं विचारलं, “मी परत येऊ का?” की डिलिसबाई चहाच्या कपाकडे बघत म्हणत, “अमुक-तमुक, अमुक-तमुक.” आणि रोरी बिचारा अमुक-तमुक ऐकून डोळे भरून निघून जाई.

खरं तर कुणाला काही वाटलं नसतं. पण दुसऱ्या अंकात त्यांचं बोलणं अडायला लागलं. आज इथं, उद्या तिथं. मधेच थांबत आणि हाक मारत, “बेव्ह!” बेव्ह म्हणजे आमची रंगमंच सांभाळणारी बाई, संहिता मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसलेली. ती पुढचे दोन शब्द पुरवी, गाडी चालू लागे. टीव्हीवर चुकलं तर पुन्हा घेतात, इथं कोण घेणार? कॅलमच्या मनात शंका शिरली आणि त्यानं ती आमच्या मनात सोडली. ही बाई नेम पाळतेय, की तिला वाक्यच येत नाही आणि नेमाच्या आड लपतेय?

मी रोज त्यांचे केस विंचरत होते, हुक लावत होते, आणि मलाही सांगता येईना. सकाळी वाटे, नेम आहे. दुपारी वाटे, नाही गं बाई, विसरल्यात.

गुरुवारी दुपारी रंगीत तालीम झाली. शेवटी पुन्हा अमुक-तमुक. कॅलम अंधारातून उठून रंगमंचापाशी आला.

“डिलिसबाई, आज म्हणा.”

“उद्या म्हणेन, राजा.”

“मला एकदा ऐकू दे. एकदाच.”

“तू लिहिलंस ना? मग तुझ्या कानात असेलच की ते.”

“मला तुमच्या तोंडून हवंय.”

“उद्या तिकीट काढून ये.”

रोरी हसला आणि लगेच गप्प झाला, कारण कॅलम हसला नव्हता. मग वाद सुरू झाला, तोही असा, की बाहेरच्या माणसाला वाटावं इथं धर्मसभा भरलीय.

रोरी म्हणाला, “बाहेर गाड्या लावतात तिथं जाऊन म्हणाल का? नेम थिएटरच्या छपराखालीच लागतो.”

“कुणी सांगितलं?” बेव्ह म्हणाली. “हल शहरात आमच्या म्हाताऱ्या मॅनेजरनं एका पोरीला बस-स्टॉपवर म्हटल्याबद्दल झापलं होतं.”

“बस-स्टॉप थिएटरला चिकटून असेल.”

“रस्त्यापलीकडे होता.”

“मग वाक्य कुजबुजून चालतं का? कागदावर लिहून?”

“लिहिलेलंच आहे रे गाढवा, छापून आलंय!”

“नेम इमारतीला नसतो, बाळांनो,” डिलिसबाई म्हणाल्या. “तोंडाला असतो.” आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हो की नाही गं विनी? तू शुक्रवारी मांस खात नाहीस, ते घरीच की माझ्याकडेही?”

“सगळीकडेच, बाई.”

“बघा.”

कॅलमनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “ठीक. नका म्हणू. पण उद्या लीड्सहून नटी मार्गो टेट येऊन प्रेक्षकांत बसतील. त्यांनी संहिता वाचलीय. उद्या शेवटाला तुम्ही अडलात, किंवा बेव्हला सांगावं लागलं, तर परवापासून भूमिका त्या करतील, हातात पुस्तक धरून का होईना. माझं पहिलं नाटक आहे, डिलिसबाई. मी दुसरं काय करू, मला खरंच कळत नाहीये.”

मला वाटलं, बाई भडकणार. त्या म्हणाल्या, “मार्गोला पुढची खुर्ची दे. तिला लांबचं दिसत नाही.”

घरी जाऊन मी संध्याकाळची प्रार्थना म्हणायला बसले. काय मागावं, हेच ठरेना. त्यांना वाक्य आठवू दे, असं मागावं, तर त्या विसरल्यात हे मी मान्य केल्यासारखं. त्यांचा नेम निभू दे, असं मागावं, तर तो उद्या वाक्य म्हटल्याबरोबर निभतोच. शेवटी मी नुसतं त्यांचं नाव घेतलं. नाव घेताना एकदा ‘ब्रेंडा’ तोंडात आलं, ते गिळलं.

शुक्रवारी मी सकाळपासून चहा-पावावर होते. त्यांच्या खोलीत त्यांना अंबाडा घालून देत होते, तर म्हणाल्या, “तुझा देव तुझ्या पोटातलं एवढं बारीक बघतो, तर त्याला म्हणावं आज माझ्याकडे जरा लक्ष ठेव.”

“सांगितलंय, बाई.”

“काय म्हणाला?”

“तो लगेच नाही बोलत.”

“म्हणजे माझ्यासारखाच. पहिल्या प्रयोगाची वाट बघतो.”

थिएटर भरलं होतं. निम्मे लोक ब्रेंडाला बघायला आले होते, ते पाटीवरूनच कळत होतं, कारण बाईंच्या नावाखाली मालिकेचं नाव नावापेक्षा मोठं छापलं होतं. बाई रंगमंचावर आल्या तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, “अगं ब्रेंडा, तू तर बुडालीस ना!” आणि हशा पिकला. डिलिसबाईंनी मान वर केली नाही. बटाटा सोलत राहिल्या. सोलता सोलता हशा आपोआप विरला. दुसरा बटाटा हातात घेईपर्यंत ब्रेंडा कुठंच नव्हती.

पहिला अंक सरळ गेला. मध्यंतरात मी त्यांची शाल बदलत होते. मेकअपच्या आरशात माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं, “विनी, त्या पोराला मी शेवटी काय गं म्हणते?”

माझे हात शालीतच राहिले. त्या विचारत होत्या की माझी परीक्षा बघत होत्या? चेहऱ्यावरून काही कळेना. नटीच्या चेहऱ्यावरून कळलं असतं तर ती नटी कसली! मी वाक्य सांगितलं, तर पहिल्या प्रयोगाआधी ते थिएटरात मोठ्यानं म्हटलं गेलं असतं, तेही माझ्या तोंडून. सांगितलं नाही, आणि त्या खरंच विसरल्या असल्या, तर उद्या या खोलीत मी मार्गो टेटचे हुक लावत असते.

“ते बोलायचं नसतं ना, बाई,” मी म्हटलं.

त्या हसल्या. “शाबास,” म्हणाल्या. पण त्या शाबासकीचा अर्थ मला अजून लागलेला नाही. सुटल्यासारख्या हसल्या, की बुडाल्यासारख्या?

दुसऱ्या अंकात मी विंगमध्ये त्यांचा कोट धरून उभी होते. माझ्याजवळ बेव्ह, मांडीवर संहिता, बोट ओळीवर. पहिल्या रांगेत मार्गो टेट दिसत होत्या. गोलसर, प्रेमळ चेहऱ्याची बाई, हातात पर्स घट्ट. जिथं जिथं तालमीत अडलं होतं, तिथं तिथं डिलिसबाई न अडता गेल्या. बेव्ह माझ्याकडे बघून भुवया उडवायची. मग शेवट आला.

रोरीनं पिशवी उचलली. दार उघडलं. उंबऱ्यावर थांबून वळला. “मी परत येऊ का?”

डिलिसबाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

बघतच राहिल्या. बेव्हनं बोट ओळीवर दाबून धरलं. “विराम आहे की अडलीय?” ती माझ्या कानात म्हणाली. मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, मलाच ठाऊक नाही. सांगावं तर विराम मोडेल, न सांगावं तर बाई बुडेल. बेव्हनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मागच्या भिंतीला टेकून उभा कॅलम डोळे मिटून होता.

आणि डिलिसबाई म्हणाल्या, “बापासारखा दारात उभा राहू नकोस. बस.”

बेव्हनं पान उलटून बघितलं, पुन्हा मागे उलटलं. असं वाक्य कुठंच नव्हतं.

रोरी उभा. त्याला जायचं होतं, रोज जात आला होता. त्यानं पिशवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि आई ओरडल्यावर एखादा मुलगा जसा बसतो तसा येऊन स्टुलावर बसला. पिशवी मांडीवर.

आता दार लागणार कसं? दार उघडंच. दाराच्या आवाजावर दिवे जायचे होते, दिवेवाला वर केबिनमध्ये आवाजाची वाट बघत बसलेला. दिवे जाईनात. दोघं त्या उजेडात समोरासमोर. प्रेक्षकांत खोकलासुद्धा नाही. बाईंनी चहाचा कप त्याच्याकडे सरकवला. त्यानं घोट घेतला. कप रिकामा होता, मी स्वतः रिकामा ठेवला होता, तरी तो प्यायला. मग बाई उठल्या, कपाटावरच्या दिव्यापाशी गेल्या आणि बटण दाबलं. ते बटण नुसतं शोभेचं. दिवा वरूनच जातो. पण वरच्या माणसाला देवानं बुद्धी दिली. त्यानं सगळेच दिवे घालवले.

टाळ्या इतक्या, की मला वाटलं छपरातली धूळ पडेल.

मागे आल्यावर मात्र एकच गोंधळ. रोरी म्हणत होता, “मी बसलो! मी का बसलो?” बेव्ह संहिता उलटीसुलटी करत होती. कॅलम धावत आला, डोळे लाल.

“हे कुठून आणलंत तुम्ही?”

“काय, राजा?”

“ते वाक्य!”

“मी काय म्हणाले?”

“म्हणजे तुम्हाला... तुम्ही विसरलात की मुद्दाम केलंत?”

“लोकांना आवडलं ना?”

“तो प्रश्न नाहीये!”

“मग कुठला आहे?”

कॅलमनं तोंड उघडलं आणि त्यालाही प्रश्न आठवेना. तेवढ्यात मार्गो टेट दारात आल्या. त्यांनी आधी डिलिसबाईंचा मुका घेतला, मग कॅलमला विचारलं, “मग बाळा, उद्या मी येऊ का नको? हॉटेलवाल्याला सांगायला हवं.”

“मला माहीत नाही,” कॅलम म्हणाला. “वाक्य चुकलं. पण अडल्या नाहीत. बेव्हनं सांगितलं नाही. मला माहीत नाही, मार्गो. उद्याचा दिवस राहा.”

म्हणजे फैसला शनिवारवर गेला. आणि शनिवारी नेमाचा आधार नव्हता, वाक्य आता म्हणायला मोकळं होतं. कॅलमनं सकाळी सगळ्यांना जमवलं. दिवेवाल्याला सांगितलं, दाराची वाट बघू नकोस. रोरीला सांगितलं, बसायची तयारी ठेव. डिलिसबाईंना म्हणाला, “कालचंच म्हणा. माझ्यापेक्षा ते बरं आहे. मी ते संहितेत लिहून घेतलंय.” बाईंनी मान डोलावली. कशाला डोलावली, कोण जाणे.

संध्याकाळी शेवट आला. रोरीनं विचारलं, “मी परत येऊ का?” आणि विचारता विचारताच त्याचा एक पाय स्टुलाकडे निघाला.

डिलिसबाई म्हणाल्या, “येताना दूध घेऊन ये.”

छापलेलं, अक्षर न अक्षर. रोरीचा पाय हवेत. मग तो सावरला, वळला, गेला, आणि जाता जाता दार इतकं जोरात लागलं की ते रागानं लावलंय का रडून, हे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सांगता आलं नसतं. दिवेवाल्यानं दिवे घालवायला जरा उशीर केला. त्या उशिरात म्हातारी एकटी, उजेडात, दाराकडे बघत. माझ्या बाजूला बेव्हनं नाक पुसलं.

कॅलम रंगपटात आला तेव्हा शांत होता. थकलेला माणूस शांत असतो तसा.

“येतं तुम्हाला वाक्य.”

“मी कधी म्हटलं येत नाही?”

“मार्गोंना मी गाडीत बसवून दिलं. भूमिका तुमची. पण मला एवढं सांगा, कुठलं ठेवू? माझं की तुमचं?”

“नाटक तुझं आहे, राजा.”

“म्हणून तर विचारतोय!”

त्या अंबाडा सोडत राहिल्या. कॅलम निघून गेला.

रविवारी प्रयोग नव्हता. प्रार्थनेहून येताना मी त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेले, सोबत बेदाण्यांचा केक घेऊन. चहा झाला. मग मी धीर केला.

“बाई, शुक्रवारी तुम्हाला वाक्य आठवत नव्हतं का?”

“आठवत होतं की. ओठांवर होतं.”

“मग?”

“तो पोरगा खरंच चालला होता गं. रोज अमुक-तमुक ऐकून जायचा, शुक्रवारी त्याला पहिल्यांदा ठाऊक नव्हतं की मी काय म्हणणार. त्याच्या डोळ्यांत दिसलं. मी दूध आण म्हटलं असतं, तर तो गेला असता तो परत आलाच नसता.”

“आणि शनिवारी?”

“शनिवारी तो आधीच बसायला निघाला होता. जो बसायलाच आलाय त्याला काय बस म्हणायचं? त्याला दुधाला पाठवावं.”

मला पटलं. मग जिना उतरताना पटेनासं झालं. हे त्यांना तेव्हा सुचलं होतं, की केक खाता खाता सुचलं? मध्यंतरात मला विचारलं होतं, ते कशासाठी? हा एक प्रश्न मी वर विचारला नव्हता. परत जिना चढावा का, म्हणून पायरीवर थांबले. चढले नाही.

सोमवारी कॅलमनं दिवेवाल्याला बोलावून सांगितलं, “दोन्ही ठेव. त्या काय म्हणतात ते ऐक आणि मग ठरव.” बेव्हच्या संहितेत आता एकाखाली एक दोन वाक्यं आहेत आणि बोट दोन्हींच्या मधे. रोरी म्हणतो, पूर्वी तो वाक्य संपायची वाट बघायचा, आता ऐकतो.

मीही रोज विंगमध्ये कोट धरून उभी असते. रोरी पिशवी उचलतो, दार उघडतो, उंबऱ्यावर वळतो. “मी परत येऊ का?” डिलिसबाई त्याच्याकडे बघतात. बेव्ह श्वास धरते, वर दिवेवाला वाकून बघतो, कॅलम भिंतीला टेकलेला असतो, आता डोळे उघडे ठेवून. आमच्यापैकी एकालाही ठाऊक नसतं.